जुन्या फोनवर वेगळी ओएस टाकायचीय? आधी सिम बघा, मग रॉम

कंपनीने अपडेट बंद केलेत पण फोन अजून ठणठणीत आहे, स्क्रीनला चराही नाही, बॅटरी बऱ्यापैकी चालतेय, अशा फोनचं काय करायचं हा प्रश्न असेल तर पुढे वाचा. यूट्यूबवर व्हिडिओ ढीगभर आहेत, पण ते बहुतेक परदेशातल्या लोकांनी केलेले, त्यांना यूपीआयशी घेणंदेणं नाही आणि जिओशी तर नाहीच, त्यामुळे त्यांचं ऐकून फोन फ्लॅश केला, म्हणजे त्यावर नवी ओएस (रॉम) टाकली, की दुसऱ्या दिवशी कळतं कॉलच लागत नाहीये. आपल्याकडे ओएस दिसते कशी हा शेवटचा प्रश्न. आधीचे प्रश्न तीन: बूटलोडर (फोन चालू होताना ओएस सुरू करणारा, कंपनीने कुलूप लावलेला प्रोग्रॅम) उघडतो का, सिम कुठलं घालणार, आणि या फोनवरून पैसे पाठवायचेत का.

पुढे ज्या कमांड येतील त्या बोलल्यासारख्या देवनागरीत लिहिल्यात, टाईप करताना अर्थात इंग्रजीतच करायच्या.

आहे काय काय

दोन गट धरा. पहिल्या गटात अँड्रॉइडचीच भावंडं: लिनेजओएस, ई ओएस, ग्राफीनओएस वगैरे. लिनेज म्हणजे जुन्या सायनोजेनमॉडचा वारस, २०१६ च्या डिसेंबरात सायनोजेन बंद पडलं आणि त्याच लोकांनी कोड उचलून नवीन नावाने सुरू केलं. यावर नेहमीचे ॲप चालतात. ग्राफीन फक्त पिक्सेलवर चालते, सुरक्षेच्या बाबतीत चोख आहे, पण पिक्सेल नसेल तर विषय संपला.

दुसऱ्या गटात खरंखुरं लिनक्स. उबुंटू टच, जी कॅनॉनिकलने २०१३ मध्ये जाहीर केली, २०१७ मध्ये सोडून दिली आणि तेव्हापासून यूबीपोर्ट्स ही कम्युनिटी सांभाळतेय. पोस्टमार्केटओएस, जी अल्पाइन लिनक्सवर उभी आहे आणि फोन दहा वर्षं टिकला पाहिजे हा हट्ट धरून २०१७ मध्ये सुरू झाली. आणि फिनलंडच्या योलाची सेलफिश.

यातलं काही आपल्याला अगदी नवीन नाही बरं का. २०१४ मध्ये फायरफॉक्स ओएसचा इंटेक्स क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना मिळत होता, २०१६ मध्ये सेलफिशवाला इंटेक्स ॲक्वा फिश आला साडेपाच हजारांच्या आत. दोन्ही टिकले नाहीत. फायरफॉक्स ओएसचं पुढचं रूप कायओएस मात्र जिओफोनमधून लाखो घरांत गेलं आणि वापरणाऱ्यांना नावही माहीत नाही.

सिमचा मुद्दा, जो कुणी सांगत नाही

जिओकडे टूजी नाही, थ्रीजी नाही, पहिल्या दिवसापासून फक्त फोरजी आणि आता फाइव्हजी. म्हणजे साधा कॉलसुद्धा व्होल्टीवरून, म्हणजे फोरजीच्या डेटावरूनच जातो. आता व्होल्टी चालवणारं सॉफ्टवेअर हे चिपवाल्याचं आणि फोनकंपनीचं बंद सॉफ्टवेअर असतं, अँड्रॉइडमधून बाहेर पडलात की ते सोबत येईलच याची खात्री नाही. लिनेजच्या ऑफिशियल फोनवर बहुधा चालतं. उबुंटू टचवर मोजक्या फोनवर चालतं. पोस्टमार्केटओएसवर नाहीच असं धरून चाला. त्यामुळे लिनक्सवाल्या फोनमध्ये जिओचं सिम घातलंत तर इंटरनेट झकास चालेल आणि फोन मात्र वाजणारच नाही, समोरच्याला वाटेल तुम्ही मुद्दाम उचलत नाही.

उपाय साधा आहे, एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घाला, त्यांचं टूजी अजून चालू आहे, कॉल आला की फोन टूजीवर उतरतो, बोलणं होतं, आणि तेवढा वेळ नेट बंद पडतं. चालवून घ्यायचं. घरात सगळ्यांकडे जिओ असेल तर हा फोन वायफायवरच ठेवा.

फोन निवडणं

आवडेल तो फोन घेऊन मग रॉम शोधू, असं उलटं करू नका. आधी लिनेजची विकी, उबुंटू टचची डिव्हाइसेसची यादी आणि पोस्टमार्केटओएसची विकी उघडा, तिन्हीत असलेला फोन पकडा. प्रत्येक फोनला कोडनेम असतं आणि फाइल त्याच नावाने येतात. वनप्लस ६ म्हणजे एंचिलाडा, ६टी म्हणजे फाहिता, पोको एफ१ म्हणजे बेरिलियम, रेडमी नोट ७ म्हणजे लॅव्हेंडर, नोट ७ प्रो म्हणजे व्हायोलेट. लॅव्हेंडर आणि व्हायोलेट दिसायला जुळे पण आतून वेगळे, एकाची फाइल दुसऱ्यावर टाकू नका.

माझं मत विचाराल तर वनप्लस ६ किंवा पोको एफ१. दोन्ही २०१८ चे, दोन्हींत स्नॅपड्रॅगन ८४५, दोन्ही आपल्याकडे भरपूर विकले गेले त्यामुळे सेकंडहँड मिळतात, आणि ही चिप मेनलाइन म्हणजे मूळ लिनक्समध्ये चांगली बसलीय. विवोचे फोन टाळा, बूटलोडर अधिकृतपणे उघडूच देत नाहीत. सॅमसंगचा बूटलोडर उघडला की नॉक्स या त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो, परत लॉक केला तरी भरून येत नाही.

पुण्यात सेकंडहँड घ्यायचा तर बुधवार पेठेत, पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्लीच्या आसपास चक्कर मारा, मंडई मेट्रोला उतरून चालत जाता येतं, गाडी नेलीत तर पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जाईल. दुकानदाराला बूटलोडर वगैरे विचारत बसू नका, तो म्हणेल दादा, पॅटर्न काढून देतो, दोनशे द्या. तुम्ही स्वतः बघायचं ते असं:

- *#०६# दाबा, आयएमईआय घ्या, केवायएम लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर तिथेच कळतं. बिल मागा, बिल नसेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.
- सेटिंगमध्ये जुन्या मालकाचं गूगल किंवा शाओमी अकाउंट आहे का? असेल तर त्याच्याकडून पासवर्ड टाकून काढून घ्या, नंतर करू म्हणालात की संपलं.
- बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंगचं बटण चालू होतं का बघा.
- मागचं कव्हर फुगलंय का, चार्जिंग पिन हलते का.
- स्क्रीन बदललीय का हे सरळ विचारा.

हा शेवटचा मुद्दा लोकांना फालतू वाटतो पण नाहीये. डुप्लिकेट डिस्प्ले अँड्रॉइडवर बरा चालतो कारण कंपनीचा ड्रायव्हर सगळं सांभाळून घेतो, तोच फोन पोस्टमार्केटओएसवर नेला की चित्र येतं आणि टच मेलेला असतो. पोको एफ१ मध्ये तर ओरिजिनल पॅनलही दोन कंपन्यांचे आले, तिआन्मा आणि ईबीबीजी, आणि इमेज दोन्हींसाठी वेगळी. चुकीची टाकली तर स्क्रीन काळी राहते, घाबरू नका, फोन मेलेला नसतो, फास्टबूटमध्ये (लॅपटॉपवरून थेट इमेज टाकायचा मोड) जाऊन दुसरी टाका.

बॅकअप आणि लॅपटॉप

बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, हे मराठीत, इंग्रजीत कितीही वेळा सांगितलं तरी कुणीतरी आईचे फोटो घालवतंच. फोटो लॅपटॉपवर ओढून घ्या, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, आणि ऑथेंटिकेटरचे कोड दुसऱ्या फोनवर हलवा, ते विसरलात तर ऑफिसच्या मेलमध्येही शिरता येणार नाही.

लॅपटॉपवर गूगलचं प्लॅटफॉर्म टूल्स उतरवा, त्यातच एडीबी आणि फास्टबूट, म्हणजे लॅपटॉपवरून फोनला कमांड द्यायची दोन्ही साधनं येतात. लिनक्स असेल तर उत्तम, विंडोजवर ड्रायव्हर घालावा लागतो. केबल डेटावाली हवी, रस्त्यावरची शंभर रुपयांची केबल बऱ्याचदा फक्त चार्जिंगची असते. रायझनवाल्या लॅपटॉपवर फास्टबूट मधेच लटकतं हा जुना त्रास आहे, अशा वेळी साधा यूएसबी २ चा हब मधे लावा आणि त्यातून जोडा, नव्वद टक्के भांडण तिथेच मिटतं. आणि लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा, इन्व्हर्टर असेल तर अजून बरं, गुरुवारी महावितरणचं काम निघतं त्या दिवशी तर हे काढूच नका.

बूटलोडर उघडणं

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डिबगिंग चालू करा, केबल लावा, एडीबी डिव्हायसेस मारा, फोनवर परवानगी मागेल ती द्या. मग एडीबी रीबूट बूटलोडर.

वनप्लसवर पुढे फास्टबूट ओईएम अनलॉक, व्हॉल्यूमच्या बटणाने हो निवडा, झालं. शाओमी आणि पोकोचं प्रकरण लांबतं: शाओमीचं अकाउंट काढायचं, सिम घालून मोबाइल डेटावर ते फोनला बांधायचं, मग विंडोजवर ‘मी अनलॉक’ नावाचं शाओमीचं टूल चालवायचं, ते म्हणतं १६८ तासांनी या. म्हणजे पूर्ण आठवडा. या आठवड्यात अकाउंटमधून लॉगआउट होऊ नका नाहीतर घड्याळ परत पहिल्यापासून. शाओमीच्या हायपरओएसवाल्या नव्या फोनवर नियम अजून कडक झालेत, म्हणूनही जुनाच फोन घ्या म्हणतोय.

उघडल्यावर दर वेळी फोन चालू होताना इशारा दिसेल. दिसू दे.

लिनेज टाकणं

पहिल्यांदाच करत असाल तर इथून सुरुवात करा. विकीवर तुमच्या कोडनेमचं पान उघडा, कुठल्या अँड्रॉइडचं फर्मवेअर आधी हवं ते वाचा आणि फोन तिथपर्यंत अपडेट करा, ही पायरी लोक गाळतात आणि मग फोन लोगोवरच अडकला म्हणून ओरडतात.

लिनेजची रिकव्हरी, म्हणजे ओएस टाकायला आणि पुसायला लागणारा छोटा वेगळा प्रोग्रॅम, उतरवा. पोको एफ१ ला वेगळं रिकव्हरी पार्टिशन आहे, तिथे फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी. वनप्लस ६ मध्ये दोन स्लॉट असतात, ए आणि बी, तिथे रिकव्हरी बूटमध्येच बसते, म्हणून फास्टबूट फ्लॅश बूट. रिकव्हरीत गेल्यावर फॅक्टरी रीसेट करून डेटा फॉरमॅट करा, अप्लाय अपडेट निवडा, मग लॅपटॉपवरून फाइल चढवायला एडीबी साइडलोड आणि फाइलचं नाव. दोन स्लॉटवाल्या फोनला रॉमच्या आधी कॉपी पार्टिशन्सची छोटी झिप साइडलोड करायची असते, म्हणजे दोन्ही बाजूंना फर्मवेअर सारखं होतं.

साइडलोड कधीकधी ४७ टक्क्यांवर थांबतं आणि खाली फेल्ड असं काहीतरी येतं आणि त्याच ओळीत सक्सेस पण येतं. इथे बरेच जण केबल ओढतात. ओढू नका, लॅपटॉपच्या टक्क्यांकडे बघूच नका, फोनच्या स्क्रीनवर काय लिहून येतंय ते बघा, तिथे शेवटी शून्य स्टेटस आलं की झालं.

प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलचं पॅकेज याच वेळी, फोन पहिल्यांदा चालू करायच्या आधी टाकायचं, रिकव्हरी एकदा रीबूट करून. एकदा फोन चालू झाला आणि मग आठवलं तर परत सगळं पुसून पहिल्यापासून. मी म्हणतो गूगल नकोच, एफ-ड्रॉइड (मुक्त ॲपचं स्टोअर) घाला, व्हॉट्सॲप त्यांच्याच साइटवरून उतरतं, जुना फोन बिनागूगलचा हलका चालतो आणि बॅटरीही जास्त टिकते.

आणि एक, कस्टम रॉम टाकून बूटलोडर परत लॉक करायला जाऊ नका. पिक्सेलवर ग्राफीन असेल तर लॉक करतात, करायलाच हवा, तिथे तशी सोय आहे. बाकी बहुतेक फोनवर लॉक म्हणजे वीट, फोन चालूच होत नाही.

उबुंटू टच आणि पोस्टमार्केटओएस

उबुंटू टचला त्यांचा इन्स्टॉलर आहे, लॅपटॉपवर चालवा, फोन जोडा, तो सांगेल तसं बटण दाबत जा. एवढंच लक्षात ठेवा की ही ओएस अँड्रॉइडचे ड्रायव्हर खालून वापरते, म्हणून फोनवर आधी ठरावीक अँड्रॉइड असावं लागतं, कुणाला ९, कुणाला १०, डिव्हाइसच्या पानावर लिहिलेलं असतं. तिथेच कॅमेरा, कॉल, जीपीएस यातलं काय चालतं याचा तक्ता असतो, तो वाचल्याशिवाय हात लावू नका.

पोस्टमार्केटओएसची तयार इमेज मिळते. फोन फास्टबूटमध्ये, डीटीबीओ पार्टिशन पुसायचं, बूटवर बूटची इमेज, यूजरडेटावर मोठी इमेज, रीबूट. नेमक्या ओळी फोनच्या विकी पानावरून उचला, फोनप्रमाणे बदलतात. तयार इमेजचा पिन १४७१४७ असतो, आत गेल्यावर लगेच बदला. केबल लावलेली आणि फोनवर एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनल उघडायची सोय) चालू असेल तर लॅपटॉपवरून १७२.१६.४२.१ वर थेट फोनमध्ये शिरता येतं, ही मला सगळ्यात भारी गोष्ट वाटते, स्क्रीन काळी असली तरी आत काय चाललंय ते बघता येतं. कॅमेऱ्याची आशा धरू नका. अँड्रॉइड ॲप लागलंच तर वेड्रॉइड नावाची सोय आहे, लिनक्सच्या आत एक छोटं अँड्रॉइड चालतं, नकाशे वगैरे बघायला ठीक, बँकेच्या ॲपला नाही.

बोटाला कुठलं बरं वाटतं

इथे मजा आहे. उबुंटू टचचा चेहरा म्हणजे लोमिरी, पूर्वीचं युनिटी ८. सगळं कडेवरून चालतं. डावीकडून आत ओढलं की ॲपची पट्टी, उजवीकडून लांब ओढलं की उघडलेली ॲप पत्त्यांसारखी तिरकी उभी राहतात. वरून खाली ओढताना बोट उचलायचंच नाही, तसंच आडवं सरकवायचं, वायफाय, आवाज, बॅटरी असं एकेक पान बोटाखालून जातं, हवं तिथे सोडायचं. दोन दिवसांत हात बसतो आणि मग अँड्रॉइडवर पण बोट तसंच जायला लागतं. जाड बंपर कव्हर असेल तर कडेचा स्वाइप लागतच नाही, टच खराब आहे असं वाटतं, आधी कव्हर काढून बघा.

सेलफिशचं मूळ २०११ च्या नोकिया एन९ मध्ये, होम बटण नाहीच, सगळा स्वाइप. त्यात पान वरून खाली ओढत गेलं की मेन्यूचे पर्याय एकेक उजळत जातात, सोडाल तो निवडला जातो. एका हाताने, पीएमटीत दांडा धरून उभं असताना वापरायला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही.

पोस्टमार्केटओएसवर चेहरा तुम्ही निवडायचा. फॉश साधा आणि स्थिर, मूळ प्युरिझमच्या लिब्रेम ५ साठी बनवलेला. प्लाझ्मा मोबाइल केडीईवाल्यांचा, अँड्रॉइडसारखा दिसतो, घरातल्या कुणाला द्यायचा असेल तर हा. एसएक्समो व्हॉल्यूम आणि पॉवरच्या बटणांवर चालतो, तो ज्यांना टर्मिनल आवडतं त्यांच्यासाठीच. मी फॉश सुचवेन. अडचण एकच, सगळी ॲप फोनच्या रुंदीत बसत नाहीत, डेस्कटॉपसाठी बनलेलं काही उघडलं की ओकेचं बटण स्क्रीनच्या बाहेर राहतं, मग फोन आडवा करा नाहीतर स्केल कमी करा.

मराठी

वाचणं सोपं आहे, लिहिणं थोडं अवघड. लिनेजवर एफ-ड्रॉइडवरून इंडिक कीबोर्ड घाला, स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंगच्या लोकांचा आहे, मराठी इनस्क्रिप्टही आहे आणि इंग्रजी अक्षरांतून लिहायची सोयही. पोस्टमार्केटओएसवर अक्षरांच्या जागी डबे दिसले तर टर्मिनलमध्ये एपीके ॲड फॉन्ट-नोटो-देवनागरी मारा, ॲप बंद करून उघडा. ऑनस्क्रीन कीबोर्डमध्ये मराठी सापडलं नाही तर ब्लूटूथ कीबोर्ड जोडून सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडा.

फॉन्ट नीट बसलाय का हे नमस्कार लिहून कळत नाही. वऱ्हाड, कऱ्हाड, ज्ञानेश्वर, उद्ध्वस्त, श्रीखंड असे शब्द लिहून बघा. वऱ्हाडातला ऱ्ह तुटून दिसला किंवा ऱ कीबोर्डवर सापडलाच नाही तर फॉन्ट नाहीतर लेआउट बदला, उगाच चालवून घेऊ नका.

पैशांचं काय

बूटलोडर उघडा असला की गूगलची प्ले इंटिग्रिटी, म्हणजे फोनमध्ये छेडछाड झालीय का याची तपासणी, पूर्ण पास होत नाही. काही बँकांची ॲप चालतात, काही उघडतच नाहीत, आणि आज चालणारं ॲप पुढच्या अपडेटला तोंड फिरवू शकतं. हे लपवायचे जुगाड नेटवर ढिगाने मिळतात, पण ज्या ॲपमध्ये आपला पगार आहे तिथे कुणा अनोळखी माणसाचं मॉड्यूल घालायचं का, याचा विचार करा. यूपीआय सिमलाही बांधलेलं असतं, म्हणून बँकेचं सिम कंपनीच्या ओएसवाल्या फोनमध्ये राहू द्या, वेगळी ओएस दुसऱ्या फोनवर. एकच फोन असेल तर *९९# आणि यूपीआय १२३पे हे साध्या फोनसाठीचे मार्ग आहेत, चालतात, पण भाजीवाल्यासमोर उभं राहून वापरायला वेळ लागतो, खिशात शंभरच्या दोन नोटा असू द्या.

व्हॉट्सॲप लिनक्सवर हवं असेल तर मुख्य फोनला जोडून ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब उघडा. मेट्रोचं तिकीट स्टेशनवर काढा. कुठे अडलात तर पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप आहे, जुनी मंडळी आहेत, प्रश्न विचारताना कोडनेम आणि एररची ओळ द्या, नुसतं चालत नाही म्हणालात तर कुणी काही सांगू शकत नाही.

परत मूळ ओएसवर

हे आधीच करून ठेवा, म्हणजे कंपनीची पूर्ण रॉम लॅपटॉपवर उतरवून ठेवा, नंतर लिंक सापडत नाहीत. वनप्लस ६ साठी एमएसएम टूल असतं, फोन ईडीएल मोडमध्ये (चिपचा आणीबाणीचा मोड) जोडला की अगदी मेल्यासारखा फोनही उठवतं. शाओमी आणि पोकोसाठी फास्टबूट रॉम आणि ‘मी फ्लॅश’ हे शाओमीचं टूल. मी फ्लॅशच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात क्लीन ऑल अँड लॉक हा पर्याय आपोआप निवडलेला असतो. फोन चायनाचा आणि रॉम ग्लोबल असेल आणि तसंच फ्लॅश दाबलं तर बूटलोडर लॉक होतो आणि ही मीयूआय (शाओमीची ओएस) या फोनवर चालणार नाही असं म्हणून फोन कायम तिथेच उभा राहतो. तिथे क्लीन ऑल करा, डोळ्याने एकदा परत बघा, आणि मगच फ्लॅशचं बटण दाबा.